कुलूप आणि कडी

मुख्याध्यापकाची खूण कोणती, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही निःसंकोच सांगू, की किल्ल्यांचा जुडगा. एम. ए. ची पदवी चौकटीत बसून भिंतीवर राहते, सेवापुस्तिका कार्यालयाच्या कपाटात राहते. जुडगा मात्र उठता-बसता बरोबर असतो. भांडारगृहाची किल्ली, धान्याच्या खोलीची किल्ली, पाण्याच्या मोटारीची किल्ली, अशा अकरा किल्ल्या आज आमच्यापाशी आहेत. दुसऱ्या एका गावी नोकरीस असताना याच कडीत आणखी एक किल्ली होती. तिची आठवण आम्ही होता होईल तो टाळीत आलो होतो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका पत्राने ती टाळता येईनाशी झाली.

उळवीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगणे नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, वीज जाते ती परवा येते, आणि टपालही ओल धरूनच हाती पडते. असेच एक ओलसर पाकीट शिपायाने आणून दिले. पत्र आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे होते. 'तीर्थरूप गुरुजींस, साष्टांग नमस्कार' हा मायना पाहूनच आम्ही सुखावलो. पदार्थविज्ञानात शिकून तो आता दूरच्या एका शहरी संशोधनसंस्थेत नोकरीस आहे. त्याच्या प्रयोगशाळेत काही किरणोत्सारी पदार्थ आहेत, आणि त्या प्रयोगशाळेच्या दाराविषयी संस्थेच्या सुरक्षा समितीत वाद पडला आहे. एका पक्षाचे म्हणणे, की अशा पदार्थाचा एक तुकडा जरी बाहेर गेला तरी अनर्थ होईल. म्हणून दार आतून-बाहेरून कुलुपातच हवे आणि परवानगीवाचून कोणास आत येता किंवा बाहेर जाता येऊ नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, की तेथे ज्वालाग्राही द्रवांच्या बाटल्या आहेत, वायूची नळकांडी आहेत, विजेची यंत्रे आहेत. आग लागली तर आतल्या माणसाने परवानगी कोणाकडे मागावी? इकडे आड, तिकडे विहीर.

पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते: 'गुरुजी, पुढच्या बैठकीत मला बोलावयाचे आहे. आपल्या शाळेच्या त्या मागच्या दाराची गोष्ट सांगू का? कोणाचे नाव घेणार नाही.'

पत्र घडी करून आम्ही खिशात ठेवले. दोन दिवस उत्तर लिहिले नाही.

त्या मागच्या दाराची गोष्ट अशी. वीसेक वर्षांपूर्वी सीमाभागातील एका सरकारी शाळेचा कारभार आमच्याकडे होता. विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. एक दार व्हरांड्यात, दुसरे मागे परसात. त्या मागच्या दाराने चोऱ्या होऊ लागल्या. आधी तांब्याची तार गेली, मग लोहचुंबक गेले, तापमापक गेले. एके रात्री शाळेतले एकुलते एक सूक्ष्मदर्शकही नाहीसे झाले. वरून विचारणा आली, की या वस्तूंची किंमत मुख्याध्यापकाच्या वेतनातून का वसूल करू नये? आम्ही भाषेचे शिक्षक. सूक्ष्मदर्शकाची किंमत ऐकून आम्हांस घाम फुटला. दुसऱ्याच दिवशी परसदाराला लोखंडी जाळी बसविली, तिला बाहेरून भक्कम कुलूप घातले आणि किल्ली आमच्या जुडग्यात ओवली. चोऱ्या थांबल्या. त्या जाळीचा आम्हांस मोठा अभिमान वाटे.

फेब्रुवारी महिना होता. दहावीच्या मुलांचे प्रयोग चालले होते. आम्ही तालुक्याच्या गावी बी. ई. ओ. कार्यालयात बैठकीस गेलो होतो, आणि जुडगा आमच्या पिशवीत होता. व्हरांड्याच्या दारालगतच्या मेजावर एक मुलगा जळत्या दिव्यातच स्पिरिट ओतू लागला. बाटलीने पेट घेतला, ती खाली पडून फुटली, भिंतीवरचे कागदी तक्ते भडकले, आणि बाहेर जाण्याचा रस्ता ज्वाळांनी अडविला. कोणीही जे करील तेच मुलांनी केले. ती मागच्या दाराकडे धावली. दार उघडले, आणि पुढे जाळी होती.

स्वयंपाकघरातील सरपण फोडण्याची कुऱ्हाड घेऊन आमचा वृद्ध शिपाई परसातून धावत आला. कोयंडा तुटेपर्यंत चार-पाच मिनिटे गेली असतील. एकतीस मुले त्या धुरात जाळीला चिकटून उभी होती. सर्व वाचली. एका मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला. त्याचा वण पुढे तिच्या लग्नातही आम्ही पाहिला. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा मुले अंगणात बसली होती. त्यांतला एक किरकोळ अंगाचा मुलगा आमच्याकडे आला आणि त्याने अगदी साध्या स्वरात विचारले, 'गुरुजी, किल्ली कुठे होती?'

आम्ही उत्तर दिले नाही. वर पाठविलेल्या अहवालात आम्ही स्पिरिटच्या बाटलीविषयी लिहिले, विज्ञानशिक्षकाचे पद रिकामे असल्याविषयी लिहिले, जळालेल्या मेजांची यादी जोडली. कुलुपाविषयी एक अक्षर लिहिले नाही. आम्हांस कोणी विचारलेही नाही. विचारले होते ते त्या मुलाने, आणि गेल्या पावसाळ्यातील पत्र त्याचेच होते.

आता वाचक म्हणतील, शाळेचे लोहचुंबक कोठे आणि किरणोत्सारी पदार्थ कोठे! तार चोरीस गेली तर मुख्याध्यापकाचे वेतन जाते. तो पदार्थ चोरीस गेला तर गावाचे गाव जाईल. म्हणणे रास्त आहे. आम्ही उळवीकर हे इतरांपेक्षा अंमळ अधिक जाणतो, कारण आमच्या डोंगरांपलीकडे, काळी नदीच्या काठी, कैग्याचे अणुविद्युत केंद्र आहे. प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या तेथे आहेत. पहिल्या दोन २००० साली व्यापारी उत्पादनास लागल्या, तिसरी २००७ मध्ये, चौथी २०११ मध्ये. त्यामुळे 'किरणोत्सर्ग' हा शब्द आमच्या तालुक्यातील न शिकलेल्या माणसालाही ठाऊक असतो. म्हणून पहिल्या पक्षाचे म्हणणे आम्ही आधी नीट समजून घेतले.

१९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधील गोइयानिया शहरी एका सोडून दिलेल्या रुग्णालयातून दोघांनी कर्करोगावरील उपचाराचे एक यंत्र भंगार म्हणून उचलून नेले. आत सीझियम-१३७ चे चूर्ण होते. अंधारात ते निळसर चमके. कौतुकाने ते घरोघर वाटले गेले. चार माणसे दगावली, २४९ जणांच्या अंगावर वा अंगात त्याचा संसर्ग आढळला, आणि एक लाखाहून अधिक लोकांना तपासावे लागले. आपल्याकडेही असेच घडले. दिल्लीच्या विद्यापीठाच्या रसायनशाळेत कॅनडाहून आणलेले एक गॅमा यंत्र १९८५ पासून न वापरता पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात विकले गेले, आणि एप्रिलमध्ये मायापुरीच्या भंगारबाजारात त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडले. एक कामगार प्राणास मुकला, इतर कित्येक रुग्णालयात पडले. कोबाल्ट-६० ची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते; पंचवीस वर्षे अडगळीत पडलेला तो साठा तेव्हा मूळच्या अल्पांशावर आला होता, तरी माणूस मारण्यास पुरेसा ठरला. किरणोत्साराला वास नाही, रंग नाही, स्पर्श नाही. सापाला निदान फूत्कार तरी असतो. तेव्हा अशा वस्तूवर पहारा हवा, आणि तो कडक हवा, यात शंका नाही.

पण याच घटनांत आम्हांस आणखी एक गोष्ट दिसली. मायापुरीचा पदार्थ दार फोडून कोणी नेला नव्हता. तो कागदोपत्री, रीतसर लिलावाने, मोठ्या दारातून बाहेर गेला. चुकले होते ते दार नव्हे, नोंदवही. आणि कैग्यात २४ नोव्हेंबर २००९ रोजी जे उघडकीस आले, ते तर याहून विचार करावयास लावणारे आहे. कामगारांच्या नेहमीच्या मूत्रतपासणीत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले दिसले. शोध घेता कळले, की पिण्याच्या पाण्याच्या थंडयंत्रात कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते. पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेले होते. सुदैवाने कोणाचे प्राण गेले नाहीत. हे कृत्य बाहेरच्या चोराचे नव्हे, आतल्याच कोणाचे असावे, असा निष्कर्ष निघाला. कुंपणच शेत खाते तेथे कुंपणाची उंची वाढवून काय होणार? दाराला कितीही कुलपे घाला, ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला ती अडवीत नाहीत. अडवितात ती निरपराध्याला, आणि तेही नेमके आगीच्या वेळी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे समजण्यास आम्हांस पुस्तकांची फारशी गरज नव्हती. तरीही ती चाळली. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल नावाच्या शिलाई कारखान्यास आग लागली आणि १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. कारण काय, तर कामावरून सुटणाऱ्या मुलींच्या पिशव्या एकाच दाराशी तपासता याव्यात, कोणी कापडाचा तुकडा लपवून नेऊ नये. हे वाचताना आमच्या जाळीची आठवण होऊन आम्ही पुस्तक मिटले. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत ९४ बालके जळाली, तेव्हा आम्ही नोकरीतच होतो. देशातल्या कोणत्या मुख्याध्यापकाला त्या रात्री झोप लागली असेल?

प्रयोगशाळांपुरते बोलावयाचे, तर मुंबईनजीक तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात २९ डिसेंबर २००९ रोजी रसायनशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. तेथे किरणोत्सारी पदार्थ नव्हते असे सांगण्यात आले. आम्ही येथे कोणाच्या दाराविषयी काही म्हणत नाही. इतकेच म्हणतो, की अणुसंशोधनाच्या आवारातही ती दोन मुले साध्या आगीनेच गेली. किरणोत्सर्गाची भीती इतकी मोठी, की तिच्या छायेत साधी आग आपल्याला दिसेनाशी होते.

आग आणि अणू यांचे नाते किती निकटचे आहे, हे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा येथे दिसले. उत्तर प्रदेशात गंगेकाठी असलेले हे केंद्र कैग्याच्याच जातीचे. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन वायूने व तेलाने पेट घेतला. नेहमीच्या आणि राखीव विजेच्या तारा एकाच मार्गाने नेलेल्या, त्या एकदमच जळाल्या. नियंत्रणकक्ष धुराने भरला आणि तेथील माणसांना तो सोडावा लागला. अणुभट्टी तर त्यांनी आधीच बंद केली होती. पण ती बंदच राहावी म्हणून काहीजण हातातल्या विजेरीच्या उजेडात इमारतीत वर चढले आणि झडपा हाताने फिरवून त्यांनी बोरॉनचे द्रावण आत सोडले. वीज पूर्ववत व्हावयास सुमारे सतरा तास लागले. त्या पहाटे माणसांना बाहेर पडता आले, आणि गरज होती तेथे आतही शिरता आले, म्हणून मोठा अनर्थ टळला. दारांची मोकळीक येथे पहाऱ्याच्या आड आली नाही; पहारा तिच्या जोरावरच झाला.

अशा पेचात सापडलो की भाषेचा शिक्षक काय करतो? तो जुन्या पोथ्यांकडे वळतो. किल्ला आणि किल्ली या शब्दांची व्युत्पत्ती निराळी असली, तरी दोहोंचे काम एकच; आणि किल्ल्यांविषयी मराठीत रामचंद्रपंत अमात्यांहून अधिकाराने कोण बोलावे? अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आज्ञापत्र लिहिले. ज्या काळी शत्रू खरोखरच दाराशी येऊन बसत असे, त्या काळचा तो ग्रंथ. दार जितके कमी तितका गड सुरक्षित, असे ते सांगतील अशी आपली अटकळ. अमात्य सांगतात ते उलटेच: गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय. गडाचा अदमास घेऊन दोन-तीन दरवाजे करावे, चोरदिंड्या ठेवाव्या. नित्याच्या वहिवाटीला लागतील तेवढे मार्ग मोकळे राखून उरलेले चिणून टाकावे. चिणलेली दिंडी शत्रूला दिसत नाही, आणि वेळ आली तर आतल्यांना ती फोडता येते. पहारा आणि सुटका यांचा विचार त्यांनी एकाच वेळी केला. त्यांच्या लेखी एकदारी गड हा सापळा होता.

आणि हिरकणीची दंतकथा कोणत्या मराठी मुलाला ठाऊक नाही? दूध घालावयास रायगडी गेलेली बाई, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली झोपडीत तान्हे मूल. पहारेकरी नियमाला धरून होते, त्यांचे चुकले नव्हते. हिरकणीचेही चुकले नव्हते. ती काळोखात कडा उतरून गेली. पुढे महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असे सांगतात. तीस वर्षे ही कथा आम्ही मातृप्रेमाचा धडा म्हणून शिकविली. आता मात्र वर्गात एक प्रश्न जास्तीचा विचारतो: 'बुरूज बांधला म्हणजे ती वाटही बंद झाली. मग पुढच्या हिरकणीने काय करावे?' मुले गोंधळतात. मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, 'गुरुजी, पहारेकऱ्याकडे दिंडीची किल्ली ठेवावी, आणि कोण गेली ते वहीत लिहून घ्यावे.' आमच्या मते सुरक्षा समितीने त्या मुलीस निमंत्रण धाडावयास हरकत नाही.

कारण आजचे जाणकार जे उत्तर देतात ते त्या मुलीच्या उत्तराहून फार वेगळे नाही. आमच्या विद्यार्थ्याशी दूरध्वनीवरून दोन-तीनदा बोलणे झाले, त्यावरून व वाचनावरून आम्हांस उमगले ते असे. पहिली गोष्ट, पदार्थ आणि माणूस यांची दारे वेगळी करावी. पदार्थ शिशाच्या जाड भांड्यात, भांडे जमिनीत पक्के बसविलेल्या तिजोरीत, आणि तिजोरी अशा लहान खोलीत, की जेथे कोणी बसून काम करीत नाही. तिला हवी तितकी कुलपे घालावी; एकट्याने उघडता येऊ नये म्हणून दोन किल्ल्या दोघांकडे द्याव्या; काय आहे, किती आहे, कोणी केव्हा घेतले, हे वहीत रोज लिहावे. माणसे काम करतात ती खोली या खोलीच्या बाहेर. तिच्यातून सुटकेचा रस्ता परस्पर मोकळ्या हवेत जावा.

दुसरी गोष्ट, त्या सुटकेच्या दाराला बाहेरून मूठच नसावी आणि आतून आडवी दांडी असावी. अंगाचा भार पडताच दार उघडावे, पण त्याच क्षणी पहाऱ्याच्या चौकीत घंटा वाजावी. आतल्या माणसाला कोणी अडवीत नाही. चोराला मात्र गुपचूप जाता येत नाही. आपल्या देशाच्या २०१६ च्या इमारत संहितेतही सुटकेचे दार आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडता आले पाहिजे, असेच सांगितले आहे. अमेरिकेच्या नियमांत काही ठिकाणी एक तडजोड दिसते: दांडी दाबल्यावर दार पंधरा सेकंदांनी उघडते, म्हणजे पहारेकऱ्याला धावत यावयास अवधी मिळतो, पण आगीची सूचना झाली, की तो विलंब आपोआप रद्द होतो.

तिसरी गोष्ट आम्हांस फार आवडली. विजेवर चालणारी कुलपे दोन जातींची असतात. वीज गेली की एक उघडे पडते, दुसरे बंदच राहते. माणसांच्या दाराला पहिले लावावे, पदार्थाच्या दाराला दुसरे. अंधार एकच, पण त्यात एक दार सोडते आणि दुसरे धरून ठेवते.

मग पळणाऱ्यांपैकी कोणी पदार्थ घेऊन गेला तर? कोणी मुद्दामच खोटी आग पुकारली तर? प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर दाराशी नसून आवाराच्या कुंपणाशी आहे. माणसांनी दारातून निर्वेध पळावे, पण रस्त्यावर न जाता आवारातील ठरलेल्या मैदानात जमावे. तेथे डोकी मोजावी, किरणोत्सारमापकाने सर्वांना तपासावे, कोणाच्या अंगाला काही लागले असेल तर धुवावे. आणि आग शमताच तिजोरीतील मोजदाद करावी. तपासणी टळत नाही, ती फक्त धुराच्या बाहेर होते. अंगावरचा डाग धुता येतो. कोंडलेला श्वास परत आणता येत नाही.

आणखी एक बारकावा त्याने सांगितला, त्याने तर वादाचे मूळच उपटले. किरणोत्सार अडविण्यासाठी भांडी शिशाची करतात, आणि शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. भडकलेल्या आगीपुढे इतकी उष्णता काहीच नव्हे. म्हणजे आग ही केवळ माणसांची शत्रू नाही, ती त्या पदार्थाची कवचे काढून घेणारी चोरही आहे. म्हणून कोणत्या खोलीत काय आहे हे अग्निशमन दलाला आधीच ठाऊक हवे, आणि रात्री बंब आला तर फाटक कोण उघडणार हेही ठरलेले हवे. ज्या दारातून माणूस लवकर निघतो, त्याच दारातून पाणी लवकर आत येते. दोन्ही पक्ष एकाच शत्रूशी लढत होते, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

हे सर्व ऐकल्यावर आम्ही त्याला विचारले, 'इतके सोपे उत्तर आहे, तर वाद कशाचा?' तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, 'गुरुजी, वेगळी खोली, तिजोरी, घंटा, रात्रपाळीचा माणूस, हे सगळे महाग पडते. कुलूप स्वस्त आहे.'

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या शाळेतही आम्हांला हवे होते ते एक पोलादी कपाट. सूक्ष्मदर्शक, चुंबक, तार, सर्व त्यात मावले असते. कपाटासाठी अर्ज करावा लागला असता, तीनदा स्मरणपत्रे पाठवावी लागली असती, कदाचित गावातून वर्गणी गोळा करावी लागली असती. जाळी आणि कुलूप एका दुपारी झाले. वस्तूला कोंडण्याची ऐपत वा चिकाटी नव्हती, म्हणून आम्ही एकतीस मुलांना कोंडले आणि त्याला बंदोबस्त म्हटले. मोठमोठ्या संस्थांतही बहुधा हेच घडते. कोणी दुष्टपणाने माणसांना कोंडीत नाही. पहाऱ्याचा खर्च वाचवावयाचा असतो, आणि तो खर्च आतल्या माणसाच्या खात्यावर नकळत मांडला जातो.

आमच्या उळवीला कल्याणहून आलेल्या शरणांची परंपरा आहे. बाराव्या शतकात कल्याणी आकांत झाला तेव्हा चन्नबसवण्णा आणि त्यांच्याबरोबरचे शरण वचनांच्या पोथ्या सांभाळीत या अरण्यात आले, असे सांगतात. येथल्या डोंगरातील गुहा त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. अक्क नागम्मांच्या नावाची गुहा दरसाल माघी जत्रेस आलेले हजारो लोक वाकून पाहतात. पोथ्या अमोल होत्या यात वाद नाही. पण त्या वाचल्या त्या कल्याणात कुलपात राहिल्या म्हणून नव्हे, तर त्या उराशी धरणाऱ्या माणसांना वाट मिळाली म्हणून. जत्रेत मुलांना घेऊन त्या गुहांशी जाताना हा विचार आमच्या मनात येतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही उत्तर लिहिले होते. 'चि. यास अनेक आशीर्वाद. गोष्ट अवश्य सांग. नाव घेणार नाहीस म्हणतोस, ते मात्र आम्हांस पसंत नाही. आमचे नाव घे. एकतीस मुले म्हण, चार-पाच मिनिटे म्हण, एका मुलीचा हात म्हण. आणि त्या संध्याकाळी तू जे विचारले होतेस त्याचे उत्तर तुला आम्ही आज देत आहोत. किल्ली आमच्या पिशवीत होती, तालुक्याच्या गावी.'

पत्र टाकून आलो आणि शाळेतून एक फेरी मारली. येथल्या प्रयोगशाळेला दोन दारे आहेत. दोन्ही बाहेर उघडतात, दोहोंना आतून नुसती कडी आहे, आणि ती सर्वांत लहान मुलाच्याही हाताला पोहोचेल अशी खाली बसविली आहे. रसायनांचे कपाट कोपऱ्यात आहे. त्याची किल्ली आमच्या जुडग्यात आहे आणि दुसरी शिपायाकडे. कपाटासाठी चार वेळा स्मरणपत्रे पाठवावी लागली. पाचवेही पाठविले असते.

वाचकांपैकी ज्यांच्या हाती एखाद्या शाळेचा, वसतिगृहाचा, दवाखान्याचा वा कारखान्याचा जुडगा असेल, त्यांना आमची एक विनंती आहे. आज घरी जाण्यापूर्वी दिवे मालवून आतल्या बाजूला उभे राहावे, डोळे मिटावे, आणि हाताने चाचपडत बाहेर पडून पाहावे. आम्ही दर महिन्याला करतो. किल्ल्या तेवढ्या वेळापुरत्या मेजावर ठेवतो.